कागदावरची नोकरी : एच-वन-बी व्हिसाच्या फसवणुकीचा इतिहास

 

आपल्या या मालिकेत एरवी जुने कागद असतात. मोडीतले, फारसीतले, क्वचित पोर्तुगीज. आजचा कागद तेवढा जुना नाही. पंचवीस वर्षांचा आहे, इंग्रजीत आहे, आणि तो मला दप्तरखान्यात नव्हे तर हैदराबादला काचीगुड्याच्या घरात, मावशीच्या ट्रंकेत सापडला. कागद माझ्या मावसभावाचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याचं नाव इथे सांगत नाही, त्याच्या कंपनीचंही नाही.

कागदाचं नाव लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन. अमेरिकेतली कंपनी परदेशी माणूस आणण्याआधी तिथल्या कामगार खात्याकडे हा अर्ज करते. त्यात चार गोष्टी लिहिलेल्या असतात: पद कोणतं, पगार किती, काम कोणत्या गावात आणि किती काळासाठी. दादाच्या कागदावर लिहिलं होतं : प्रोग्रॅमर अ‍ॅनालिस्ट, वर्षाला ५२,००० डॉलर, मुदत तीन वर्षं, आणि एका गावाचं नाव. त्या गावात दादा एक दिवसही गेला नाही. त्या ५२,००० मधले त्याच्या हाती किती आले, ते पुढे सांगतो.

मला आज एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. ही फसवणूक सगळ्यांना माहीत होती. अमेरिकेच्या सरकारला माहीत होती, आपल्याकडे अमीरपेटच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर माहीत होती. मग ज्याचं नुकसान झालं तो तक्रार का करत नव्हता?

आधी हा व्हिसा कुठून आला ते पाहू.

१९९० साली अमेरिकेने नवा इमिग्रेशन कायदा केला.  नव्या कायद्याने पदवी लागणाऱ्या खास कामांसाठी एच-वन-बी हा प्रकार ठरवला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली. स्थानिक माणसाचा पगार पडू नये म्हणून आत्ता सांगितलेला कामगार खात्याचा अर्जही सक्तीचा केला.

या कायद्याच्या पोटात एक गोष्ट आहे, तेवढी नीट लक्षात ठेवा. हा व्हिसा माणूस स्वतः मागू शकत नाही. त्याच्यासाठी मालक अर्ज करतो. मालकाने हात काढून घेतला की माणसाचा त्या देशात राहण्याचा आधारच जातो. नोकरी गेल्यावर साठ दिवसांची सवलत मिळायला लागली ती २०१७ पासून. त्याआधी तेवढीही नव्हती.

आता धंदा कसा चालत होता ते बघू. आपल्या कंपन्या प्रोग्रॅमरना परदेशात कामाला पाठवायला लागल्या त्याला तोपर्यंत वीस वर्षं होत आली होती. त्याला बॉडी शॉपिंग असं नाव पडलं होतं. शब्द कानाला बरा वाटत नाही, पण त्या धंद्यातले लोक स्वतःच तो वापरत. मोठ्या कंपनीला सहा महिन्यांसाठी दहा माणसं हवी असतात. ती तिला कायमची ठेवायची नसतात. मधला माणूस ती दहा माणसं पुरवतो, तासाचे साठ डॉलर घेतो, त्यातले तीस माणसाला देतो. यात बेकायदा काही नाही. माणसाला पगार मिळतो, कंपनीला काम मिळतं, मधल्याला दलाली मिळते.

गडबड कायद्यात आणि धंद्यात जो फरक आहे तिथे सुरू होते. कायदा म्हणतो, आधी नोकरी दाखवा, मग माणूस आणा. धंदा म्हणतो, आधी माणूस हाताशी ठेवा, मग त्याच्यासाठी नोकरी शोधू. व्हिसा यायला महिने लागतात आणि गिऱ्हाइकाला माणूस सोमवारी हवा असतो. मग अर्जात नोकरीच्या जागी काय लिहायचं? काहीतरी लिहायचं. तिथून खोट्याला सुरुवात होते.

१९९८ च्या सुमाराला याला जोर आला. संगणकांच्या तारखा २००० साली चुकतील म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचे होते, आणि त्याच वेळी इंटरनेट कंपन्यांची लाट आली होती. अमेरिकी संसदेने मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली. २००० मध्ये पुन्हा वाढवून तीन वर्षांसाठी १,९५,००० केली.

हैदराबादेत तेव्हा अमीरपेटला काय वातावरण होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकेका इमारतीत चार-चार मजल्यांवर क्लास. जावा, ओरॅकल, सॅप. खालच्या मजल्यावर झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, वरच्या मजल्यावर कन्सल्टन्सी. दादा बी. कॉम. होऊन एका क्लासात सहा महिने जावा शिकला. पोरगा हुशार होता. क्लासवाल्यानेच त्याला वरच्या मजल्यावर नेलं.

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी त्याचा बायोडेटा पाहिला आणि हसून म्हणाले, "याच्यावर नाही होणार बाबा." त्यांनी नवा बायोडेटा टाईप करून दिला. त्यात तीन वर्षांचा अनुभव होता. ज्या कंपनीचा अनुभव, तिचं लेटरहेडही तयार होतं. दादाने सही केली. वर सव्वा लाख रुपये दिले, प्रशिक्षणाची फी म्हणून. मावशीच्या बांगड्या त्यात गेल्या.

यात दादा एकटा नव्हता. श्यांग ब्याओ नावाच्या चिनी मानववंशशास्त्रज्ञाने त्याच काळात हैदराबाद आणि सिडनी इथे राहून या धंद्याचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट त्याने फार बारकाईने दाखवली आहे. या साखळीत पैसा वरून खाली कमी येतो, खालून वर जास्त जातो. आंध्रातल्या गावांतल्या जमिनी आणि हुंड्याचे पैसे क्लासच्या आणि व्हिसाच्या फीमध्ये जातात. बाजार बसला तर नुकसान सोसायला शेवटचा माणूस असतोच. वरचे सगळे मोकळे.

आणि बाजार बसलाच. मार्च २००० मध्ये नॅसडॅक शिखरावर होता, वर्षभरात तो कोसळला. दादा न्यू जर्सीत पोचला २००१ च्या फेब्रुवारीत.

विमानतळावर घ्यायला माणूस आला होता. त्याने एका फ्लॅटवर नेलं. दोन खोल्या, आठ मुलं, जमिनीवर गाद्या. याला म्हणत गेस्ट हाउस. आणि ज्या अवस्थेत ती आठ मुलं होती तिला म्हणत बेंच. बेंचवर म्हणजे कंपनीच्या पटावर आहेस, पण काम नाही, म्हणून पगार नाही. दिवसभर फोनवर मुलाखती द्यायच्या आणि रात्री पाळीने भात लावायचा. दादाला साडेचार महिन्यांत एकही पगार मिळाला नाही. पुढे सात आठवड्यांचं एक काम मिळालं, तेही कागदावरच्या गावापासून फार लांब. ते संपलं आणि ऑक्टोबरमध्ये तो परत आला. त्या ५२,००० पैकी त्याला मिळाले चार हजारांच्या आसपास, आणि त्यातूनही गेस्ट हाउसचं भाडं कापलं होतं.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवं. कारण बेंचवर पगार न देणं तेव्हा कायदेशीर होतं असं अनेकांना आजही वाटतं. ते खरं नाही. १९९८ च्या ज्या कायद्याने मर्यादा वाढवली, त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की मालकाकडे काम नसलं तरी कागदावरचा पगार द्यावाच लागेल. मालकाने भरायची एक जादा फी त्यात ठरवली होती, ती कामगाराकडून वसूल करायला बंदी होती. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड लावायलाही बंदी होती. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायला बंदी होती. बुडालेल्या पगारासाठी कामगार खात्याकडे बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येत होता. २००० च्या कायद्याने आणखी एक सोय केली: दुसऱ्या मालकाने अर्ज दाखल केला की लगेच त्याच्याकडे काम सुरू करता येई.

म्हणजे दादाच्या बाजूने कायदा होता. कागद त्याच्या हातात होता. त्यावर आकडाही छापलेला होता. मग?

हा प्रश्न मी त्याला फार वर्षांनी विचारला, घरातल्या एका लग्नात, जेवणं झाल्यावर. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, तक्रार करायला गेलो असतो तर त्यांनी पहिल्यांदा माझा बायोडेटा काढला असता."

एवढंच. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली या वाक्यात आहे. या धंद्यात पहिलं, लहान खोटं कामगाराच्या सहीने लिहून घेतलं जातं. तीन वर्षांचा अनुभव, एक लेटरहेड, एक बनावट मुलाखत. त्यानंतर मालक जे मोठं खोटं बोलतो, त्याच्याविरुद्ध त्या माणसाचं तोंड बंद होतं. सव्वा लाख रुपये ही फी होतीच, पण दादाची ती सही कन्सल्टन्सीला त्याहून जास्त उपयोगी पडली.

ही किल्ली घेऊन पुढची वर्षं बघा, कुलपं उघडत जातात.

२००४ मध्ये मर्यादा पुन्हा ६५,००० वर आली. त्यात अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,००० ची भर पडली, आणि फसवणूक शोधण्यासाठी म्हणून अर्जामागे ५०० डॉलरची वेगळी फी सुरू झाली. २००८ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने २४६ अर्ज नमुना म्हणून काढून प्रत्यक्ष तपासले. १३.४ टक्के अर्जांत सरळ फसवणूक निघाली, आणखी ७.३ टक्क्यांत नियमभंग. म्हणजे दर पाचात एक. फसवणुकीचं प्रमाण पंचवीस किंवा त्याहून कमी माणसांच्या लहान कंपन्यांत जास्त होतं. एका अर्जात पद होतं बिझनेस डेव्हलपमेंट अ‍ॅनालिस्ट, आणि तो माणूस प्रत्यक्षात कपडे धुण्याच्या दुकानात धुलाई आणि मशिनांची देखभाल करणार होता.

त्यानंतर तपासनीस कामाच्या जागी जाऊन बघू लागले. २००९ मध्ये आयोवा राज्यातल्या सरकारी वकिलांनी एक खटला उभा केला. आरोप असा की कंपनीने माणसं आयोवात दाखवली, कारण तिथला ठरलेला पगार कमी, आणि ती राबत होती दुसऱ्या महागड्या राज्यांत. दादाच्या कागदावर ते गाव का आलं होतं, ते मला हा खटला वाचताना समजलं.

२०१३ मध्ये टेक्सासजवळच्या नव्हे, टेक्सासमधल्याच डॅलसशेजारी, कॅरोल्टन या गावातल्या डिबॉन सोल्युशन्स या कंपनीवर खटला भरला गेला. मुलांना पूर्णवेळ नोकरी सांगून आणायचं आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हाच पगार द्यायचा, म्हणजे शुद्ध बेंच. २०१५ मध्ये ज्यूरीने कंपनीच्या मालक भावांना दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी त्यांना सात वर्षांहून जास्त शिक्षा झाली. याच २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली. तो वाद वेगळ्या, बी-वन या व्यवसायभेटीच्या व्हिसाच्या वापराचा होता, आणि व्हिसाची पद्धतशीर फसवणूक केल्याचं कंपनीने नाकारलं होतं. दोन्ही प्रकरणं एकाच मापाने मोजू नयेत म्हणून हे सांगतो.

मग विद्यापीठांची पाळी आली. विद्यार्थी व्हिसावर असताना शिक्षणाचा भाग म्हणून नोकरी करता येते, त्या सवलतीतून नवी वाट निघाली. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला. हजारावर विद्यार्थी, बहुतेक भारतीय, त्यातले खूपसे आंध्रचे. काहींच्या पायात मागोवा घेणारं यंत्र अडकवलं गेलं, आणि भारत सरकारने त्याचा निषेध केला. संस्थापिकेला २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

पुढे तर अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून खोटी विद्यापीठं काढली. न्यू जर्सीतल्या अशा विद्यापीठातून २०१६ मध्ये २१ दलाल पकडले गेले. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ २०१९ मध्ये उघड झालं. तिथे शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते, फक्त फी होती. मुलांना हे माहीत होतं की नव्हतं, यावर तेव्हा आपल्याकडे खूप भांडणं झाली. माझं उत्तर दादाचंच आहे. काहींना अर्धं माहीत होतं, आणि त्या अर्ध्याची सही त्यांच्याकडून घेतलेली होती.

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. २०२० पासून लॉटरीसाठी ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. फी तेव्हा फक्त १० डॉलर होती. एका माणसासाठी चार कंपन्यांनी नोंद केली तर त्याच्या चार चिठ्ठ्या पडत. खरोखर चार नोकऱ्या असतील तर हरकत नाही. पण मधल्या कंपन्यांनी आपसात ठरवून एकाच मुलाच्या नोंदी करायला सुरुवात केली. २०२३ च्या वसंतातल्या लॉटरीत ७,८०,८८४ नोंदण्या आल्या. त्यातल्या ४,०८,८९१ अशा माणसांच्या होत्या ज्यांच्या एकाहून जास्त नोंदी होत्या. जागा किती? ८५,०००. पुढच्या वर्षी नियम बदलला, कितीही नोंदी असल्या तरी त्या लॉटरीत माणसाची चिठ्ठी एकच धरली गेली. एकाहून जास्त नोंदींचा आकडा ४७,३१४ वर आला. एका साध्या नियमाने जे साधलं, ते शेकडो तपासण्यांनी साधलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. त्याने काय होईल ते पुढचे लोक लिहितील. पण ती रक्कम सचोटीच्या आणि लबाडीच्या अर्जावर सारखीच लावली होती.

काही जण मला म्हणतात, हे आधुनिक गिरमिट आहे. कोकणातून गेलेल्या मॉरिशसच्या मराठी गिरमिटियांवर मी बोललो आहे, म्हणून हा प्रश्न येतो. मी ती तुलना सरसकट करत नाही. उसाच्या मळ्यातल्या माणसाला पळून गेला म्हणून तुरुंगात टाकत. दादा विमानाने गेला आणि विमानाने परत आला, आणि त्याच व्हिसावर गेलेल्या लाखो मुलांनी सचोटीने काम करून घरं उभी केली आहेत. पण एक धागा सारखा आहे. तिथेही माणूस मालकाशी बांधलेला होता, आणि तिथेही गावातून माणूस उचलणारा दलाल म्हणजे अरकाटी, काय बोलला याची नोंद कुठल्याही करारात नसे.

आपल्या सरकारचंही यात एक कलम आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी १९८३ चा कायदा आहे. पण पदवीधराच्या पासपोर्टवर तेव्हा शिक्का असे, की याची तपासणी गरजेची नाही. शिकलेला माणूस स्वतःला सांभाळेल असं त्यामागे गृहीत होतं. दादाच्या पासपोर्टवर तो शिक्का होता, आणि त्याचा घरात सगळ्यांना अभिमान होता.

आता शेवटचं, आणि हे ज्यांच्या घरात पंचवीसच्या आतबाहेरची मुलं आहेत त्यांच्यासाठी. कामगार खात्याच्या त्या अर्जाची प्रत मालकाने कामावर रुजू होताना द्यायचीच असते. ती मागून घ्या आणि वाचा. पद, पगार, गाव, मुदत. गाव वेगळं असेल तर विचारा. बेंचच्या काळात आपलाच पगार आपणच कंपनीला भरायला सांगितला, तर ती पगाराची पावतीही खोटी आहे हे समजा. आणि या सगळ्याच्या आधी, कुणी तुमच्या बायोडेटात तीन वर्षं वाढवून देतो म्हणाला, तर ती तीन वर्षं घेऊ नका. पुढे कधी तुम्हाला खरं सांगायची वेळ आली तर ती आडवी येतील.

दादा आता हैदराबादलाच आहे. एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघतो. त्याचा मुलगा यंदा इंजिनीअर होईल. हे बोलण्याआधी मी त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांग. फक्त बायोडेटाचं सोडू नकोस. लोक बेंचचंच तेवढं सांगतात."

म्हणून सोडलं नाही.